सरकारी कागद

देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेल्या सुभेदार राजेंद्रभाऊंना जुन्या नाटकातलं सेनापतीचं काम सोपं वाटलं होतं. हुकूम मोडून स्वप्नामागे धावलेल्या शिपायाला मृत्युदंड होतो आणि शेवटी सेनापती शिक्षेचा कागद फाडतो. शिपायाचं काम करत होता त्यांचाच मुलगा, आकाश. तालमीत मात्र ते कागदाची घडी करून खिशात घालत. “सरकारी कागद हाय, हात धजत न्हाई,” म्हणत. आज लोणावळ्यात प्रयोगाचा शेवट आला. टेबलावरचा कागद त्यांनी उघडला. ते आकाशचं सैन्यभरतीचं पत्र होतं. उद्याच हजर व्हायचं होतं. गुडघ्यावर बसलेला आकाश पुटपुटला, “पप्पा, मीच ठेवलंय ते. मला नाटकच करायचंय. फाडा.” याच पत्रासाठी त्यांनी पोराला दोन वर्षं पहाटे पळवलं होतं. त्यांनी कागद टर्रकन फाडला. टाळ्या कडाडल्या. सुभेदारांनी दोन्ही तुकडे नीट घडी करून खिशात ठेवले.