जिन्यावरची मुलगी

एका बाईंच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. 'तुमच्या चारही कॉम्प्युटर गेममध्ये जिन्यावर एक मुलगी बसलेली असते. चप्पल एकाच पायात. माझी लेक हरवली तेव्हा अशीच होती. तुम्ही तिला कुठे पाहिलंत?'

काय लिहावं ते सुचेना. मी नुसती गोष्ट लिहितो, चित्रं आमचा चित्रकार काढतो. शिवाय असले गोष्टीचे गेम एकमेकांसारखेच असतात: रिकामं घर, बंद दार, हरवलेली किल्ली. माझ्या लिहिण्यात तरी वेगळं काय असणार? त्यात एखादी मुलगी यायचीच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आज मला पाचवा गेम दाखवायला बसताना चित्रकार म्हणाला, "काका, ती जिन्यावरची पोर तुम्ही दुसऱ्या कुणा चित्रकाराकडून काढून घेता, ठीक आहे. पण यंदा तरी तिच्या तोंडी दोन वाक्यं घाला हो!"

"मी कशाला दुसऱ्याकडे जाऊ? मला वाटलं, ती तुझीच."

"माझी? मी काढली असती तर दुसरी चप्पल नसती का दिली बिचारीला?"

तो हसला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. मी पडद्याकडे पाहिलं. या गेममधल्या घराला आम्ही जिनाच ठेवला नव्हता. ती दारात उभी होती.

संध्याकाळी मी बाईंना उत्तर टाकलं.


'ताई, ती जिन्यावरून उठली आहे. लवकर या.'