कळपातली थोरली

मोबाइलवरच्या एका खेळात मी हरणी आहे. एरवी कपडे शिवते. आमच्या पाच जणींच्या कळपात बोलायचं नाही, हा नियम. धोका दिसला की पाय आपटायचा. बाकीच्यांनी जागच्या जागी थिजायचं आणि कान तिकडे वळवायचे. ही सवय अंगात इतकी मुरलीय की दूध उतू जायला लागलं तरी मी पाय आपटते. नवरा ओरडतो, "अगं, आधी गॅस बंद कर!"

काल दुपारी दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती: एक नर्स, एक बँकेतली, एक शाळेतल्या बाई. एकमेकींना अनोळखी. माझ्या हातून कात्री निसटली आणि मी पाय आपटला.

तिघी माना उंचावून थिजल्या!

"अगंबाई, तुम्हीपण?" नर्स म्हणाली. "कळप कुठला?"

"ओढ्याकाठचा!" बाकीच्या दोघी एकदम ओरडल्या.

मग काय, हसून हसून पोट दुखायला लागलं. तीन वर्षं एकत्र चरलो आणि भेटलो आत्ता!

"आता फक्त थोरली राहिली," शाळेतल्या बाई म्हणाल्या. थोरली म्हणजे आमची पाचवी. कधीही खेळ उघडा, ती आधीच तिथे उभी असते.

तेवढ्यात कपडे घालून बघायच्या खोलीतून पाय आपटल्याचा आवाज आला. खोलीचा पडदा उघडाच होता. आत कुणी नव्हतं.

आम्ही चौघी हसता हसता थिजलो. समोरच्या आरशात मला आमचे आठही कान दिसले. ते सावकाश त्या खोलीकडे वळत होते.