आईचा सराव

लेक व्हिडिओ गेमच्या स्पर्धा गाजवणारी. आई शेजारी बसून रिमोट सावरते न सावरते, तोच पडद्यावर आईचा पैलवान आडवा झालेला असायचा. "तू आधी कॉम्प्युटरपुढे टिकून दाखव, मग माझ्या वाटेला ये," असं हसत म्हणून लेक उठायची आणि तिच्या खोलीचं दार लागायचं.

आईने ते मनावर घेतलं. दुपारी शिलाई मशीनवर झाकण पडलं, की ती कॉम्प्युटरशी झुंजायला बसे. सुईत दोरा ओवणारी बोटं ती, हळूहळू बटणांनाही सरावली. कॉम्प्युटर बिचारा ना टोमणे मारी, ना मधूनच उठून जाई. सोप्या पातळीवर टिकली, मग अवघड पातळीवरही टिकली, आणि एका रविवारी लेकीला म्हणाली, "ये गं, बस."

लेकीने ठोसा मारला, आईने अडवला. लाथ आली, तीही अडवली. डावाची वेळ मोजणारं पडद्यावरचं घड्याळ शून्यावर येत आलं तरी आईचा पैलवान आपला उभाच.

"अगं, नुसती अडवतेस काय? मार की! एवढ्या दिवसांत मारायचं शिकलीच नाहीस?"

"शिकून काय करू? कुणीतरी पडलं, की तू उठतेस."

लेकीने सेटिंगमध्ये जाऊन ते घड्याळच बंद केलं, मांडी घालून आईला टेकून बसली आणि म्हणाली, "हं, अडव आता."