दहापैकी दहा

पहिला घोट घेतला आणि तिने कप खाली ठेवला. कॉफी करपट होती. दाणे जास्त भाजलेले, पाणी जास्त तापलेलं. पेस्ट्रीचे पदर एकमेकांना चिकटून बसले होते आणि लोण्याचा तर पत्ताच नव्हता.

तिने वही उघडून पुन्हा खात्री केली. दुकान हेच. खिडकीजवळचं टेबल हेच. नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: कॉफी दहा, पेस्ट्री दहा.

अठरा वर्षांच्या प्रवासात त्याने दहापैकी दहा फक्त इथेच दिले होते.

निघताना नणंद म्हणाली होती, "एवढ्या लांब कॉफी प्यायला? घरची काय कडू लागते?" नणंदेला काय सांगणार, की तुझ्या भावाला माफ करायचं की नाही ते ठरवायला चाललेय.

तो ग्रंथपाल होता. वही आणली की आधी तिला खाकी कव्हर घालणार, मगच पहिलं अक्षर लिहिणार. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. शाळा तिला बाई म्हणायची म्हणून तोही बाईच म्हणायचा. परदेशात कॉफी आणि पेस्ट्री शोधत हिंडायचं खूळ त्याचं, पण मार्क त्यानेच द्यायचे हा हट्ट तिचा. वर्षभर मीच मार्क देते, सुट्टीत तुम्ही द्या, असं तिने पहिल्याच सहलीत बजावलं होतं.

ती सहल निघाली तीही एका अपघातामुळे. ती स्कूटर चालवत होती, तो मागे बसला होता. कुत्रं आडवं आलं आणि त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. दोन दिवस दवाखान्यात काढले. नंतरच्या तपासण्यांना तो एकटाच जाऊन आला. "डोकं शाबूत आहे म्हणाले. आत काही सापडलं नाही," असं सांगून तो हसला होता. तिने स्कूटर विकून टाकली. तुम्हाला काही झालं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं, हे ती त्या महिन्यात दहा वेळा तरी बोलली असेल. मग तोच म्हणाला, हातपाय धड आहेत तोवर जग बघून घेऊ.

लेक होती तोवर तिघं जायचे. मग दोघं. आता ती एकटी.

मार्क देण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. कप ओठांना लावून तो वरून तिच्याकडे बघत बसायचा. तिचा घोट, तिचा घास होईपर्यंत थांबायचा आणि मग लिहायचा. साडेसहा. आठ. एकदा नुसताच भोपळा. आणि गंमत अशी, की त्याचे मार्क तिला कधीच चुकीचे वाटले नाहीत. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले आपले, असं ती म्हणायची. घरी मात्र शेजारच्या खोलीत दूध करपून कोळसा झालं तरी हा पुस्तकात. "तुमचं नाक परदेशातच चालतं," ती चिडवायची. तो म्हणायचा, "घरी त्याला सुट्टी असते, बाई."

अकरा वर्षांपूर्वी ते इथे आले तेव्हा लेक जाऊन तीन महिने झाले होते. तिकिटं आधीच काढलेली होती; त्यानेच तिला ओढून आणलं. ती बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. या टेबलावर बसले असताना उघड्या खिडकीतून एक कबुतर आत आलं आणि त्याच्या ताटलीतली पेस्ट्रीच घेऊन उडालं. तो गंभीरपणे म्हणाला, "सात दिवसांत परत कर, नाहीतर दंड लागेल." तिला एकदम हसू फुटलं. मग तिने आपली पेस्ट्री शेवटच्या चुऱ्यापर्यंत संपवली. मग स्वतःचीच लाज वाटली. मान वर केली तर तो वहीत लिहीत होता. दहा. दहा.

ज्या माणसाला तेव्हासुद्धा कॉफीची चव लागली, त्याच्या शेजारी ती पुढची दहा वर्षं झोपली. विचारलं कधीच नाही. गेल्या वर्षी दवाखान्यात त्याने विचारलं होतं, "बाई, माझ्यावर राग आहे का?" ती सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाली, "नाही हो." दुसऱ्या दिवशी तो गेला.

तिला एवढंच बघायचं होतं, की त्या कॉफीत असं काय होतं.

गल्ल्यावरच्या म्हातारीला तिने मोडक्यातोडक्या परक्या भाषेत विचारलं, अकरा वर्षांपूर्वी कॉफी वेगळी होती का. म्हातारीने मान हलवली. यंत्र तेच, दाणे तेच, बनवणारीही मीच. आजवर कुणी नावाजली नाही. लोक खिडकीसाठी येतात.

म्हणजे कॉफी चांगली होती, ही सबबही उरली नाही. तिने पर्स उचलली आणि म्हातारीला टॅक्सी बोलवायला सांगितलं. पत्ता हवा होता. नवऱ्याच्या सवयीप्रमाणे तिनेही हॉटेलचं कार्ड वहीच्या कव्हराच्या घडीत खोचलं होतं. कार्ड खाली सरकलं होतं. तिने बोटं खोल घातली. कार्डाबरोबर तळाशी चिकटलेला, आठ घड्यांचा एक पिवळा कागद हाताला लागला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा कागद. वर नवऱ्याचं नाव. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची, स्कूटर विकली त्या महिन्यातली.

"डोक्याच्या मारामुळे गंधाच्या नसा तुटल्या आहेत. वास पूर्ण गेला आहे, परत येणार नाही. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढंच कळेल. बाकी कुठलीही चव कळणार नाही. रुग्णाच्या विनंतीवरून पत्नीला कळवलेले नाही."