बारा मीटरपर्यंत

धुरानं मयुरीची फुप्फुसं गेली, म्हणून डॉक्टरांनी तिला कल्ले बसवले. आता तिला कायम समुद्रातच राहावं लागणार होतं. तिची आई सुलोचना जागा ठरवायला कल्ले बसवलेल्या मुलांच्या केंद्रावर आली.

"तारकर्ली द्या," ती म्हणाली. "तिथं पाणी उथळ आहे. मी पाठीला हवेची टाकी लावून उतरायला शिकेन, तिला भेटत जाईन."

"नवख्यांना बारा मीटरपर्यंत उतरता येतं," अधिकारी म्हणाले. "पण बाई, उथळ पाणी उन्हाळ्यात तापतं, कल्ल्यांना प्राणवायू पुरत नाही. मे महिन्यात तिथली अशी चौदा मुलं दगावली."

"मग मुलं जगतात कुठं?"

"साठ मीटर खोल. कितीही शिकलात तरी तिथं तुम्हाला कधीच जाता येणार नाही."

काचेच्या हौदातून मयुरी बघत होती. सुलोचना तिच्याकडे पाहून हसली आणि साठ मीटरच्या अर्जावर तिनं सही केली.