तिसऱ्या घराचा जिना

"सोमवारी हा जिना जाणार." आर्किटेक्टबाईंनी नकाशावर लाल फुली मारली. "इथे लिफ्ट येईल."

"मग सोमवारी दुसरा सुतार बघा," सुतार म्हणाला. हातातली पटाशी त्याने खालीसुद्धा ठेवली नाही.

एकाला एक लागून उभी असलेली चार जुनी घरं. मधल्या भिंतींना दारं पाडून त्यांचं एक हॉटेल होत होतं. चार महिने सुताराने बाई म्हणतील ते निमूट केलं होतं. तिसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर तो पूर्वी भाड्याने राहायचा. तिथलं स्वतःचं स्वयंपाकघरही त्याने हूं की चूं न करता तोडून दिलं. पण जिन्याचा विषय निघाला की गडी अडून बसायचा.

"काका, तुमच्या भावना मला कळतात. पण पाहुणे बॅगा घेऊन असल्या झिजलेल्या पायऱ्या चढणार आहेत का?"

"चढतील की. पाय आहेत ना त्यांना?"

बाईंनी कपाळावर हात मारला. शेवटी जुन्या इमारतींच्या खात्यातल्या तज्ज्ञाला बोलवायचं ठरलं. तो म्हणेल ती पूर्वदिशा. जिना मूळचा निघाला तर राहील, नाहीतर सोमवारी त्याला करवत लागेल आणि सुतारालाही घरी बसावं लागेल.

तज्ज्ञ शनिवारी सकाळी आला. भारी चिकित्सक माणूस. त्याने लाकूड हुंगलं, नखाने खरवडलं, प्रत्येक पायरीवर पडलेल्या खळग्यात तळहात ठेवून पाहिला.

"लाकूड घराइतकंच जुनं आहे," तो म्हणाला. "तरी एक पायरी उचलून खालचे खिळे बघतो."

सुतार आडवा उभा राहिला. "पायरीला हात लावायचा नाही."

"अहो काका, असं काय करता?" बाई म्हणाल्या.

"मला आत्ता काढून टाका, चालेल. पण मी इथे उभा आहे तोवर पायरी उचलली जाणार नाही." त्याचा आवाज एवढा चढला की रंगारी काम थांबवून बघू लागले. मग तो तज्ज्ञाकडे वळला. "खिळे कशाला बघताय? वर जा, डोळे मिटा आणि उतरा."

तज्ज्ञाला गंमत वाटली. तो वर गेला आणि डोळे मिटून उतरू लागला. तिसऱ्या पायरीवर त्याने कठडाही सोडला. पाऊल आपोआप खळग्यात पडत होतं. वळणावरच्या अरुंद पायरीचा खळगा जरा डावीकडे होता, तर पाऊलही बरोबर डावीकडे गेलं. खाली पोचून त्याने डोळे उघडले तेव्हा ते पाणावले होते.

"सात-आठ पिढ्यांची पावलं आहेत ही," तो म्हणाला. "अशी झीज कुणाला बनवता येत नाही."

त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. जिना मूळचा, दोनशे वर्षांचा, हलवू नये. बाईंनी सुस्कारा सोडला आणि लिफ्ट चौथ्या घरात सरकवली.

संध्याकाळी सुताराच्या बायकोने दार उघडता उघडताच विचारलं, "राहिला?"

"राहिला."

"किती वर्षांचा म्हणाले?"

"दोनशे."

ती हसता हसता खालीच बसली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मला कुणी विचारलंच नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी मूळ जिना वाळवीने पोखरला आणि घरमालकाने हात वर केले, तेव्हा सुताराने दृष्टी गेलेल्या आपल्या आईला महिनाभर बहिणीकडे पाठवलं होतं. त्याच घराच्या माळ्यावर पडून असलेल्या जुन्या तुळया चिरून त्याने हा जिना उभा केला, आणि जुन्या पायऱ्यांचा एकेक खळगा मापून नव्या पायऱ्यांत पटाशीने कोरला. आई परत आली, एकटीच जिना चढून वर गेली, आणि तो बदललाय हे तिला मरेपर्यंत कळलं नाही.