शेवटची बांगडी

वडवणीच्या बाजारात बांगड्या भरायला पुढं केलेला हात एका बाईनं झटकन मागं घेतला. ईश्वरप्पाच्या बोटांवर फोड आले होते आणि तोंड करपून काळंनिळं पडलं होतं.

“रोग न्हाई बाई,” त्याची बायको जगदेवी म्हणाली. “काळजाच्या गोळीनं ऊन बाधतंय त्यान्ला.”

“असू द्या. पुढं बघते,” म्हणत ती गेली. सकाळपासूनची ही चौथी. ऐन लगीनसराईत बांगडीवाल्याच्या हातात हात द्यायला कुणी तयार नव्हतं.

सावलीसाठी वर ताणलेलं कापड तोकडं होतं. सावली सरकली की दोघं पेटीसकट सरकायची. या खेपेला पेटी कलंडली आणि गुलाबी कागदाखालून गोळ्यांचं पाकीट बाहेर पडलं. त्यातली एकही गोळी काढलेली नव्हती. जगदेवीनं ते उचलून पेटीवर ठेवलं.

“कवापासून घेतली न्हाई?”

“आठ दिस झाले.”

“कावून? गोळी हाय म्हणून ठोके नीट पडतेत. बंद केली तर काय होईल, हे डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलंय.”

“लगीनसराई सरू दे. कातडी निवली की घेतो.” तो तिच्याकडं न बघताच बोलला. “असले हात घेऊन कुणाला भरू?”

रडावं की त्याला गदागदा हलवावं, जगदेवीला कळेना. तिनं डावा हात त्याच्यापुढं धरला.

“मग ह्या उतरवा.”

“याड लागलं का तुला?”

“तुमीच भरल्यात. उद्या दुसऱ्या कुणी फोडण्यापरीस आज तुमीच काढा.”

तो हलला नाही. मग तीच एकेक काढून कागदावर ठेवू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या.

जुन्या बांगड्या उतरवताना एक तरी ठेवायची, सवाष्णीचा हात भुंडा करायचा नाही, हा ईश्वरप्पाचा तीस वर्षांचा नेम. कितीही घाईचं गिऱ्हाईक आलं तरी त्यानं तो मोडला नव्हता.

जगदेवीच्या हातात एकच उरली. तीही तिनं अंगठ्यापर्यंत ओढली.

ईश्वरप्पानं तिचं मनगट धरलं. फोड दाबले गेले, पण त्यानं पकड सोडली नाही. सावली पुन्हा सरकली होती आणि दोघांच्या हातांवर ऊन आलं होतं.

“ऱ्हाऊ दे ती,” दुसऱ्या हातानं पेटीवरचं पाकीट उचलत तो म्हणाला. “पाणी दे.”